बोयाचं शेपूट

"कोयंडे, हूक लावा आणि मागे फिरा! पाणी चढतंय!"

मोहिमेचे प्रमुख केंकरे साहेब जहाजाच्या कठड्यावरून भोंग्यात ओरडत होते. त्यांना ओरडायला काय जातंय! रबरी होडीत बसून बोयाला चिकटलो होतो मी. लांबून हा तरंगता बोया पिवळं खेळणं वाटायचा. जवळ गेलं की कळायचं, माणसाच्या दीडपट उंच, वर वारा मोजायची भिंगरी, सौर पाट्या, अँटेना, आणि प्रत्येक लाटेला सगळा डोलारा अंगावर कलायचा. दोनदा हुकला, तिसऱ्यांदा हूक बसला. मी हात वर करून खूण करणार, तेवढ्यात मला ती दोरी दिसली.

बोयाच्या खालच्या कडीला बांधलेली हिरवी नायलॉनची दोरी. मालवणच्या बाजारात मिळते तीच. शेवाळ धरलेली, बारीक शिंपल्या चिकटलेली, पाण्यात लोंबणारी. आमच्या सामानातली वाटेना. मी गाठ बघितली आणि हात वर करायचा राहिला.

दोन वेढे, मग तिसरा उलटा फिरवून पहिल्याच्या पोटातून काढलेला, आणि टोक मुडपून आत सारलेलं. आमच्या वाडीतले सगळे गाबीत मच्छीमार दोन वेढ्यांवर थांबतात. तिसरा वेढा आमच्या बाबांचा. त्यांनी तो दोघांनाच शिकवला होता, थोरल्या गंगादादाला आणि मला. बाबा गेल्यावर होडी दादाकडे आली, आणि मी आयटीआय करून संशोधन संस्थेच्या जहाजावर चढलो. म्हणजे ही गाठ कोणाची, हे मला कोणी सांगायला नको होतं.

मी इकडेतिकडे बघितलं. जहाज बोयाच्या पलीकडच्या अंगाला होतं. कमरेचा सुरा काढला, कडीच्या मागून दोरी कापली. गाठ अखंड हातात आली. उरलेली दोरी बुडाली. गाठ मी अंगातल्या डगल्याच्या आत सारली आणि हात वर करून ओरडलो, "ओढा!"

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली. मी आता निवृत्त आहे, कोणाला भ्यायचं कारण नाही. म्हणून सांगतो.

तो बोया तीन देशांचा होता. बोया आणि त्याला तळाशी धरून ठेवणारा लांबलचक दोर जपानचा, पाण्याची उष्णता मोजणारी यंत्रं जर्मनीची, जहाज आणि माणसं आमची. किनाऱ्यापासून साठ मैलांवर तो उभा होता. वरचं पाणी किती तापलंय हे उपग्रह सांगतो, पण खाली पन्नास-शंभर मीटरवर किती उष्णता साठलीय हे फक्त तो सांगायचा, आणि पाऊस नि वादळं त्या साठ्यावर ठरतात. आमच्या बाजूच्या सगळ्या समुद्रात असा तो एकटाच. ऑक्टोबरात आम्ही टाकला, सात महिने त्याने दर तासाला आकडे पाठवले, आणि एक दिवस दोर तुटून पाण्याबरोबर निघाला. अकरा दिवस त्याच्या मागे फिरून आम्ही त्याला गाठलं होतं.

बोया डेकवर आला. हायाशी गुडघ्यांवर बसून तुटलेल्या दोराचं टोक बघत होता.

हायाशी म्हणजे ह्या बोयाची रचना करणारा जपानी इंजिनियर. चौतिशीचा, सडपातळ, चष्मेवाला. त्याची एक सवय होती, आमच्या पोरांनी तिची फार टिंगल केली होती. बोया पाण्यात सोडण्याआधी तो यादी हातात घेऊन प्रत्येक वस्तूकडे सरळ बोट रोखायचा आणि मोठ्याने तिचं नाव घेऊन 'ठीक' म्हणायचा. कडी, ठीक! पिन, ठीक! साखळी, ठीक! एकशे बारा वस्तू. ऑक्टोबरात आमचे खलाशी त्याच्या मागे उभं राहून एकमेकांकडे बोटं रोखत होते, "शिंदे, ठीक! चहा, ठीक!" मीही हसलो होतो.

आता तो हसण्यासारखा दिसत नव्हता. दोर पाण्याखाली चार मीटरवर तुटला होता. कापलेला नव्हता, झिजलेला होता. टोकाचा पार झाडू झाला होता.

केंकरे साहेब म्हणाले, "हे मच्छीमारांचंच काम. बोयाखाली मासळी जमते, मग येऊन होड्या बांधतात आणि उपटतात."

हायाशीने बोयाभोवती फेरी मारली. प्रत्येक पाटीवर, प्रत्येक स्क्रूवर बोट फिरवलं. मग मान हलवली. त्याचं इंग्रजी माझ्याएवढंच होतं, त्यामुळे आमचं छान जमायचं. "काही चोरलेलं नाही. गळाचे ओरखडे नाहीत. दोरी नाही. मच्छीमाराची एकही खूण नाही." आणि मग, अगदी हळू, "माझा दोर. माझी चूक."

माझ्या डगल्यात ती ओली गाठ बरगडीला टोचत होती. मी तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी केंकरे साहेबांनी मला कोपऱ्यात घेतलं. "कोयंडे, एका दृष्टीने बरंच झालं. जपानच्या प्रमुख मोरिता बाईंचा नियम माहितीये ना? तिकडे पूर्वेच्या समुद्रात होडीवाल्यांनी त्यांचे दोन बोये तोडले. तेव्हापासून, जिथे मच्छीमारांनी हात लावला तिथे पुन्हा बोया नाही. जर्मनसुद्धा त्यांच्याच मताचे. इथे तसं निघालं असतं तर सगळा कार्यक्रम गेला असता दुसऱ्या समुद्रात."

"आणि हायाशीचं काय होईल?"

"त्याची ही पहिलीच स्वतंत्र रचना. शुक्रवारच्या बैठकीत तो लेखी चूक कबूल करणार म्हणतोय. मग त्याला पुन्हा रचनेला कोण बसवतंय? बसेल कुठेतरी कागद लावत." साहेबांनी सुस्कारा सोडला. "पोरगा गुणी आहे हो."

झालं! मी गप्प बसलो तर कार्यक्रम वाचत होता, दादा वाचत होता, मी वाचत होतो. जात होता एकटा हायाशी, आणि तो तर आपणहून मान पुढे करत होता. इतका सोयीचा गप्पपणा माझ्या वाट्याला आयुष्यात कधी आला नव्हता. पण त्या दिवसापासून जेवताना तो समोर बसला की मी ताट उचलून डेकवर जायचो.

बुधवारी जहाज वास्कोला लागलं. मी दोन दिवसांची रजा टाकली आणि मालवणची एसटी पकडली.

दादा अंगणात फाटलेलं जाळं तुणत बसला होता. मला बघून त्याने मान वर केली नाही, नुसता ओरडला, "इलंस रे डावऱ्या? तुझां जहाज बुडलां काय, मदीच कसो?"

"कामासाठी आलोय."

"काम मागसून. वयनीन पेज केल्ली आसा, आदी खा."

मी उभाच राहिलो. डगला नव्हता, पिशवी होती. पिशवीतून गाठ काढली आणि जाळ्यावर, त्याच्या मांडीपाशी टाकली.

"ह्यां काय?" दादा म्हणाला.

"हे तू सांग."

त्याने हातातली सुई खाली ठेवली. गाठ उचलली नाही, वाकून बघितली. "बापसाची गाठ. तीन वेढे. खंय गावली?"

"आमच्या बोयाच्या कडीला. बोया तुटला दादा. तीन देशांचा बोया. कोणीतरी त्याला होडी बांधली, आणि ही गाठ बांधणारी माणसं जगात दोन आहेत. त्यातला एक मी."

आतून वहिनी 'कोण आलंय' विचारत होती. दादाने सुई उचलून जाळ्यात खोचली.

"म्हणजे तू माका चोर म्हणाक इलंस," तो म्हणाला.

"चोर नाही म्हणत. पण मासळीसाठी..."

"मासो थंय मिळता, खरां आसा. सगळे जातत. मीय गेलंय. पण जाळां लांबसून टाकलंय. त्या बोयाच्या वाऱ्याकपण उभो ऱ्हवलंय नाय." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "दुसऱ्यांकपण सांगलंय, हात लावू नकात. कित्याक? तर तो माझ्या भावाचो बोयो, म्हणान."

खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नव्हता. चेहऱ्यावर ते दिसलं असणार, कारण दादा एकदम उठला. जाळ्यातला दोरीचा तुकडा ओढला, ओसरीच्या खांबाला गुंडाळला आणि फटाफट गाठ मारली.

"हयसर ये. बघ. माझो तिसरो वेढो खंयच्या बाजून गेलो?"

"उजवीकडून."

"आणि ह्यो?" त्याने माझी गाठ उचलून खांबावरच्या गाठीशेजारी धरली.

दोन्ही गाठी शेजारी ठेवल्यावर कुणाही आंधळ्याला कळलं असतं. एक आरशात बघावी तशी दुसरी होती.

"ही डाव्या हातान मारल्ली आसा," दादा म्हणाला. "ह्या घरात डावरो कोण आसा?"

मी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं.

तो थांबला नाही. "आणि ही शिंपली बघ केवडी धरली ती. सात म्हयन्याची दोरी ही. सात म्हयन्याआदी थंय कोण होतो? मी? बोयो पाण्यात सोडलो कोणी?"

ऑक्टोबरची सकाळ माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. बोया क्रेनला टांगलेला, हेलकावे खातोय. तो जहाजावर आपटू नये म्हणून आम्ही चौघांनी चार बाजूंनी दोऱ्या बांधून ताणून धरलाय. जहाजाच्या दोऱ्या कडक, हाताला सोलायच्या. म्हणून मीच मालवणहून हिरव्या नायलॉन दोरीची गुंडाळी नेली होती. बोया पाण्यात टेकला. तिघांनी आपापल्या दोऱ्या सोडवून ओढून घेतल्या. मी माझी कापली. आणि कापताना कडीपासून चार वाव, म्हणजे चार वेळा दोन्ही हात पसरावे एवढी, मागे ठेवून कापली. कोणी सांगितलं नव्हतं. मी ठरवलंही नव्हतं. हाताने केलं, आणि मी चहाला गेलो.

"बापूस काय सांगायचो?" दादाने विचारलं.

"बोयाला शेपूट सोडल्याशिवाय पाण्यात टाकू नको."

"कित्याक?"

"पाण्यात पडलेल्या माणसाला धरायला काहीतरी हवं."

आमच्याकडे जाळ्याचा बोया असो नाहीतर नांगराचा, त्याला शेपूट असतं. गुळगुळीत बोयाला बुडणारा माणूस मिठी मारतो, पण मिठी सुटते. दोरी असली की मनगटाला गुंडाळता येते. बाबा एकदा असेच वाचले होते, दुसऱ्या कोणाच्या तरी शेपटाला धरून, सकाळपासून दुपारपर्यंत. त्यानंतर त्यांनी बिनशेपटाचा बोया कधी पाण्यात टाकला नाही, आम्हाला टाकू दिला नाही. आणि माझ्या त्या शेपटाने सात महिने, प्रत्येक लाटेला, हायाशीच्या दोराला विळखा घालून करवत चालवली होती.

"दादा," मी म्हणालो, "माझं चुकलं."

"बोयाचां तू बघ, तां माका काय समाजणा नाय." तो परत जाळ्यापाशी बसला, सुई घेतली. विणताना दोन घरं चुकली. "तू ती दोरी लपवलंस, माका वाचवक. तां बरां केलंस. पण माका इचारलंस नाय आदी. गाठ बघितलंस आणि तुका मीच दिसलंय."

त्याचं बरोबर होतं. जहाजावर कोणी 'मच्छीमारांचंच काम' म्हटलं की इतकी वर्षं मीही मान डोलवत आलो होतो. स्वतःच्या हातची गाठ मला ओळखू आली नाही, कारण ती बघायच्या आधीच मी माणूस ठरवून मोकळा झालो होतो. लाज वाटली. अशी लाज त्याआधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

मी त्याला हायाशीचं सगळं सांगितलं. शुक्रवारची बैठक, लेखी कबुली, सगळं. "मी बोललो तर मला डेकवरून काढतील. कदाचित नोकरीवरूनही."

"आणि नाय बोललंस तर?"

"काहीच होणार नाही. कोणाला कळणारही नाही."

दादाने थोडा वेळ जाळं तुणलं. मग म्हणाला, "त्या जपान्याक भाव आसा?"

"माहीत नाही. का?"

"आसलो तर त्या भावाक काय वाटात, तां बघतंय."

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला मोरिता बाई, पंचावन्नच्या, आखूड पांढरे केस, समोर कागद अगदी काटकोनात मांडलेले. शेजारी हायाशी, सुटाबुटात, त्या उकाड्यात. इकडे केंकरे साहेब आणि आमचे संचालक. टेबलाच्या मध्ये फोन, त्यातून जर्मनीचे डॉक्टर ऐकत होते. मला बोलावणं नव्हतं. चहा घेऊन आलेल्या माणसाच्या मागून मी आत शिरलो आणि भिंतीला टेकलो.

हायाशी उभा राहिला. कागदावरून वाचलं: दोर झिजला, कारण त्यावरच्या वेष्टनाची निवड चुकीची होती, निवड माझी होती, जबाबदारी माझी आहे. मग कमरेत वाकला आणि वाकलेलाच राहिला. मोरिता बाईंनी सहीसाठी पेन उघडलं.

"थांबा," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो, इंग्रजी शब्द कुठले आठवायला!

केंकरे साहेबांनी डोळे वटारले. "कोयंडे, बाहेर जा."

मी गेलो नाही. टेबलापाशी गेलो आणि ती हिरवी गाठ बाईंच्या त्या काटकोनातल्या कागदांवर ठेवली. "ही बोयाच्या कडीला होती. मी कापून लपवली. बांधलीही मीच, ऑक्टोबरात. दोर हिने झिजवला. हायाशींची चूक नाही. साहेब, सांगा त्यांना."

केंकरे साहेबांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी सांगितलं. शब्दन् शब्द सांगितलं, हे त्यांचं मोठेपण. हायाशी सरळ झाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

मोरिता बाईंनी विचारलं, "का लपवली?"

"मला वाटलं माझ्या भावाने बांधली. तो मासेमारी करतो. तुमचा नियम माहीत होता."

"आणि त्याने काय केलं होतं?"

"तो त्या बोयाच्या जवळही गेला नव्हता. माझा बोया म्हणून."

गाठ हातात घेऊन बाईंनी उलटीसुलटी केली. "दोरी मागे का ठेवली?"

मी शेपटाचं सांगितलं. पाण्यात पडलेला माणूस, गुळगुळीत बोया, मनगटाला गुंडाळायची दोरी, आमचे बाबा. केंकरे साहेब इंग्रजी करता करता एकदा अडखळले. फोनमधून जर्मन डॉक्टर म्हणाले, "पुन्हा सांगा." साहेबांनी पुन्हा सांगितलं.

मग हायाशी टेबलाला वळसा घालून आला. त्याने गाठ बाईंच्या हातून घेतली, टेबलावर ठेवली, हात सरळ केला, बोट तिच्यावर रोखलं आणि त्याच्या भाषेत मोठ्याने काहीतरी म्हणाला. ऑक्टोबरात म्हणायचं राहून गेलेलं. मग माझ्याकडे वळून, आमच्या दोघांच्या त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "यादीत होतं, ते सगळं मी बघितलं. यादीत नव्हतं, ते बघितलं नाही. अर्धी चूक माझी."

"अहो, नाही..." मी म्हणालो.

"अर्धी," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

बाईंनी त्याचा कबुलीचा कागद मधोमध दुमडला आणि बाजूला सारला. "अहवाल पुन्हा लिहा," त्या म्हणाल्या. "सगळं लिहा. दोरी का ठेवली, तेही."

माझं काय झालं? दोन वर्षं समुद्र बंद. किनाऱ्यावरच्या गोदामात कड्या आणि पिना मोजत बसलो. तक्रार नाही. समुद्राचा दोष नव्हता, मच्छीमारांचा नव्हता, कारण सापडलं होतं आणि त्यावर उपाय होता. त्यामुळे पुढच्या ऑक्टोबरात त्याच जागी नवा बोया उभा राहिला. जहाज निघालं तेव्हा मी धक्क्यावरून बघत होतो.

दादा माझ्याशी बोलायचा, पण कामापुरतं. 'इलंस?', 'जेवलंस?', 'गाडी कितीची?' डावऱ्या म्हणून हाक मारणं त्याने सोडून दिलं होतं. ते मला गोदामापेक्षा जास्त लागायचं.

डिसेंबरात जपानहून एक जाड पाकीट आलं. माझ्या नावावर. आत त्या नव्या बोयाचा आराखडा होता, आणि यादी. यादीत आता एकशे चौदा वस्तू होत्या. एकशे तेरावी वस्तू लाल रेघेने अधोरेखित केलेली होती. शेवटच्या, एकशे चौदाव्या ओळीत लिहिलं होतं: 'यादीत नसलेलं काही राहिलं आहे का, ते बघा.'

मी तो आराखडा घेऊन मालवणला गेलो. दादा ओसरीवर बसला होता. मी कागद त्याच्यापुढे पसरला, चारी कोपऱ्यांवर शिशाची वजनं ठेवली आणि बोयाच्या खालच्या कडीवर बोट ठेवलं. कडीला एक दोरी काढलेली होती, तीच एकशे तेरावी वस्तू. एकच वाव लांब, म्हणजे खालच्या दोरापर्यंत पोचूच नये अशी, आणि तिच्यावर रबरी नळी. शेजारी बारीक अक्षरांत इंग्रजी.

"काय लिवलां हा?" दादाने विचारलं.

"माणसाला धरण्यासाठी."

दादाने नाकावर चष्मा चढवला. कागदाच्या कोपऱ्यात हायाशीने ती गाठ मोठी करून काढली होती, बाण दाखवून, एक-दोन-तीन, तिसरा वेढा उजवीकडून, पहिल्याच्या पोटातून. दादा एकेका बाणावरून बोट फिरवत गेला. पुन्हा पहिल्यापासून फिरवलं. मग चष्मा काढला आणि कित्येक महिन्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"तुझो जपानी उजव्या हाताचो दिसता," तो म्हणाला. "ही मातर माझी गाठ रे, डावऱ्या."